रातव्याचा डोळा

नगरच्या कापडबाजारातून माळीवाड्याकडे वळताना पत्र्याच्या पेट्यांची दुकानं ओळीने लागायची. त्यातल्या तिसऱ्या दुकानात चांदभाई पेट्या रंगवायचा. लग्नात मुलीबरोबर पाठवायची पेटी म्हणजे रंग हिरवा नाहीतर निळा, झाकणावर दोन पोपट, पोपटांच्या मधोमध गुलाब आणि गुलाबाखाली नवरीचं नाव. ही रीत इतकी पक्की की पोपटांची तोंडं एकमेकांकडे नसली तर मुलीकडची माणसं पेटी परत आणून आदळायची. पारनेरपासून शेवगावपर्यंत कितीतरी संसार चांदभाईच्या पोपटांच्या देखरेखीखाली सुरू झाले. त्यातल्या एकाही पोपटाखाली चांदभाईचं नाव नव्हतं. पेटीवर नाव असायचं ते नवरीचं.

मी राधाकृष्ण, शाळेत ड्रॉइंग शिकवणारा मास्तर. मला राग लवकर येतो आणि तो लपवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. एक्केचाळीस साली एका दुपारी त्या ओळीवरून जाताना मी एका निळ्या पेटीपाशी थबकलो. पोपट होते, गुलाब होता, सगळं रीतसर. पण गुलाबाच्या खालच्या पानाआड, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने, अंगठ्याएवढा शिंपी पक्षी बसला होता. शेपूट वर, मान तिरकी, चोचीत कापसाचा धागा. हा शिंपी मी पाच वर्षं काढायला बघत होतो आणि दर खेपेला माझी चिमणी होत होती.

"हा कुणी काढला?" मी दरडावूनच विचारलं.

रंगाच्या डब्यांमागून एक किडकिडीत माणूस उठला. कानामागे ब्रश, दाढीला हिरवा रंग. "चूक झाली मास्तर. पुसून टाकतो," तो म्हणाला.

"पुसाल तर खबरदार," मी म्हणालो, आणि अशी आमची ओळख झाली.

तिसरे आप्पासाहेब. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच छंद उरले, लाव्हऱ्यांची शिकार आणि पेन्सिलीने पक्षी काढणं. मेलेला पक्षी ताटात घ्यायचा, पट्टीने पीस अन् पीस मोजायचं आणि मग कागदावर उतरवायचं. त्यांचे पक्षी मोजायला गेलं तर बिनचूक असत, पण जिवंत म्हणून एकही वाटत नसे. हे त्यांच्या तोंडावर बोलणारा नगरात मी एकटाच, म्हणून आमचं जमलं.

तिघांचं मंडळ झालं. दर शुक्रवारी दुपारी, चांदभाई जुम्म्याच्या नमाजाहून परतला की दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो. ज्याने त्याने आपलं चित्र भिंतीशी टेकवायचं आणि उरलेल्या दोघांनी त्याचं पोस्टमॉर्टम करायचं. पहिले काही महिने यात काही राम नव्हता, कारण चित्र काढणाराच सगळ्यात जास्त बोलायचा. पिंगळ्याच्या पायाची बोटं पुढे किती आणि मागे किती, यावरून मी आणि आप्पासाहेब तीन आठवडे एकमेकांशी बोललो नव्हतो. शेवटी चांदभाईनेच तोड काढली.

"ज्याचं चित्र, त्यानं तोंडात पानी धरायचं," तो म्हणाला. "दोघांचं बोलून होईस्तवर गिळायचं न्हाई, थुंकायचं न्हाई. ज्याचं पानी सुटलं त्यानं भजी आनायची."

त्या दिवसापासून मंडळाला खरा रंग चढला. गाल फुगवून, डोळे वटारून, नाकाने सूं सूं करत आपल्या चित्राची निंदा ऐकत बसलेला माणूस समोर असला की निंदा करणाऱ्यालाही चेव येतो. आप्पासाहेब तर मुद्दाम संथपणे बोलायचे. माझ्या बुलबुलाला त्यांनी एकदा "तुरा घातलेलं वांगं" म्हटलं आणि चष्मा पुसत बसले. मी रागाने अर्धा पेला पाणी गिळलं. नगरात त्या पाच वर्षांत सर्वांत जास्त भजी मी आणली, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी रीत डोळ्याची, आणि ती आली चांदभाईच्या घरातून.

चांदभाईची आई हाजराबी. आम्ही सगळे तिला अम्माच म्हणायचो. चिचोंडीकडच्या माळावर शेळ्या चारत वाढलेली, मग लग्न होऊन नगरात झेंडीगेटला आलेली. जिभेची तिखट आणि हाताची सढळ. तिचं एकच म्हणणं होतं. "जिसको आंख दी, उसको जान भी देनी पडती," ती म्हणायची. "कयामतच्या दिवशी अल्ला विचारंल, चांद, डोळा दिलास, आता जीव बी दे. तवा काय सांगशील?" पेटीवरचे पोपट तिला चालायचे, कारण ते पोटासाठी होते आणि दुसऱ्याच्या घरी जायचे. आपल्या घरात मात्र डोळ्याचं चित्र यायचं नाही. चांदभाई सकाळच्या उन्हात अंगणात बसून पक्षी रंगवायचा तो डोळ्याची जागा कोरी ठेवून. तेवढी जागा आमच्या बैठकीत भरायची. टीका संपली, दोघांनी "घाला डोळा" म्हटलं, की तोंडातलं पाणी टाकून डोळा घालायचा. ही रीत आम्हा सगळ्यांनाच इतकी आवडली की आप्पासाहेबही आपल्या मेलेल्या लाव्हऱ्यांचे डोळे शेवटी काढू लागले.

अम्मा त्याची चित्रं बघतसुद्धा नसे. अंगणातून जाताना मान वळवून जायची. चांदभाई हसतमुख माणूस, पण एवढ्या एका गोष्टीला हसत नसे. एकदा ब्रश धुताधुता तो मला म्हणाला, "मास्तर, शेकडो लोकांच्या घरात आपले पोपट हायेत. आपल्या घरात एक बी पक्षी न्हाई. अम्मानं एकदा एक पक्षी बघावा आन् भिंतीवर लाव म्हनावं, बस. दुसरं काय मागनं न्हाई आपलं." मी काहीतरी धीर द्यायचं म्हणून खोकलो.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कलामंडळाने प्रदर्शन जाहीर केलं. पशुपक्षी विभाग वेगळा, बाहेरगावच्या प्रत्येक मंडळाकडून एकच चित्र. चांदभाईच्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. पुण्याच्या मोठ्या लोकांनी छापील कागदावर वाहवा केली, तर अम्मा विरघळेल. कागदावर शिक्का असला की अम्मा वरमते, हे त्याने रेशनच्या दुकानात पाहिलं होतं.

मग तो दर सकाळी पेट्या सोडून भिंगारच्या पुढच्या माळावर भटकू लागला. चैत्राचं ऊन, दगड तापलेले. एका दुपारी दुकानात आला तो ढोपरं सोललेली, नाक सोलवटलेलं, आणि आनंदाने नुसता उकळत होता. "काय पाहिलं ते सांगनार न्हाई," म्हणाला. "पर पाय पडता पडता ऱ्हायला. तीन तास पालथा पडून हुतो."

आता माझं सांगतो. पुण्याला जायचा मान मीच मनात स्वतःला देऊन ठेवला होता. माझा खंड्या तयार होता. जलरंगात, तीन महिने खपून केलेला, पाठीवर असा निळा की बघणाऱ्याने पाण्यात हात घालावा. गेल्याच शुक्रवारी त्याला डोळाही घालून झाला होता. आप्पासाहेब लेकीकडे पुण्याला निघाले होते. शनिवारी सकाळच्या गाडीने चित्र घेऊन जाणार. म्हणून शुक्रवारी खंड्या बांधायला म्हणून चटईवर उताणा पसरून ठेवला होता आणि मी त्याच्याकडे बापाच्या मायेने बघत होतो.

तेवढ्यात चांदभाई आपलं चित्र घेऊन आला. कागद मिळत नव्हता म्हणून पेटीच्या झाकणाचा पत्राच त्याने घेतला होता आणि त्यावर पेटीचाच तेलरंग. पत्रा भिंतीला टेकवला, पेला उचलला, तोंड भरून पाणी घेतलं आणि गाल फुगवून समोर बसला.

आम्ही पाहिलं. माळ होता. तापलेले दगड, वाळकं गवत, मुरूम, एका दगडावर शेवाळाचा वाळलेला डाग. बघताना डोळ्यांपुढे ऊन नाचत होतं. चित्र अव्वल होतं, फक्त त्यात पक्षी नव्हता.

आप्पासाहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "चांदभाई," ते म्हणाले, "जमीन झकास झाली आहे. आता पक्षी काढा."

चांदभाईच्या नाकातून बारीक शिट्टी वाजली.

मी ड्रॉइंग मास्तर. मला पक्षी दिसत नाही हे कबूल करायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्यासारखं. "अहो, आहे की," मी म्हणालो. "डावीकडच्या दगडामागे दडलाय. शेपटीचं टोक तेवढं दिसतंय. फार सूचक."

"ते गवत आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"शेपटी आहे."

"गवत."

चांदभाईचा चेहरा लाल झाला होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आप्पासाहेब पुढे सरकले, पत्र्याला नाक लावलं, आणि मधोमध बोट ठेवून गंभीरपणे म्हणाले, "एक मात्र सांगतो, राग मानू नका. बाकी दगड उत्तम. हा एक दगड तुम्हाला जमला नाही. हा जरा पक्ष्यासारखा दिसतो."

चांदभाईच्या तोंडातलं पाणी सुटलं. सुटलं म्हणजे गावजत्रेतल्या नळ्यासारखं उडालं, आप्पासाहेबांच्या टकलावरून, माझ्या कानाला घासून, आणि जे खाली पडलं ते नेमकं चटईवरच्या खंड्यावर. खंड्या पाण्यात सूर मारतो हे मला माहीत होतं, पण पाणी खंड्यावर सूर मारताना मी प्रथमच पाहिलं. निळा रंग छातीवर उतरला, छातीचा पांढरा चोचीत गेला. मी ओरडलो. चांदभाई "माफ करा मास्तर, माफ करा" म्हणत कागद उचलायला धावला आणि उचलताना आणखी हसत सुटला. आप्पासाहेब भिंतीला टेकून हसता हसता खाली बसले, आणि त्यांची कवळी निसटून त्यांच्याच हातात आली.

मी फणकाऱ्याने खंड्या घेऊन शेगडीपाशी वाळत ठेवला. परत येतो तो चांदभाई करंगळीने पत्र्यावर रेघ ओढत होता. "हे डोकं. हे पंख. हितं शेपूट." आणि तो रातवा, रात्री उडणारा आणि दिवसभर जमिनीवर निपचित बसून राहणारा पक्षी, एकदम तिथे होता. आप्पासाहेबांना न जमलेला दगड वाटला तोच. मुरमाच्या रंगाची, वाळक्या पानाच्या नक्षीची मादी, जमिनीला पोट लावून बसलेली. त्यानंतर मला तो दगड पुन्हा कधी दिसला नाही, दर वेळी पक्षीच दिसला.

"पोटाखाली दोन अंडी हायेत," चांदभाई म्हणाला. "दिसत न्हाईत, पर मी काढलीत. आधी अंडी काढली, मग वर तिला बसवली."

मला हेवा वाटला. सरळ सांगतो, वाटला. पण त्या चित्रापुढे हेवा फार वेळ टिकेना. "हेच जाईल पुण्याला," मी म्हणालो, आणि खंड्या भिजला नसता तरी बहुधा हेच म्हणालो असतो, असं आजतागायत मानून घेतो.

उरला डोळा. आप्पासाहेबांनी निवाडा दिला. दोन वर्षांपूर्वी त्यांना चासच्या रस्त्यावर रातवा सापडला होता, गाडीखाली मेलेला. काडीने पापणी वर करून त्यांनी डोळा मोजला होता. "हरभऱ्याएवढा. काळाभोर. टपोरा."

"मी तीन तास समोर हुतो," चांदभाई म्हणाला. "मला डोळा दिसलाच न्हाई."

"उन्हाने तुमचे डोळे दिपले असतील. मी हातात घेऊन पाहिलाय."

मीही मान डोलावली. हातात घेऊन पाहिलेल्यापुढे लांबून पाहिलेलं काय टिकणार? दोघे एका बाजूला पडलो. चांदभाई भिडस्त माणूस, त्याने ऐकलं. "घाला डोळा," आम्ही म्हणालो, आणि त्याने ब्रश उचलला.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. खंड्याच्या शेपटीने पेट घेतला होता. मग जी धावाधाव झाली तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पाणी ओतलं, शेगडी विझली, धूर झाला, दंडाची भजी आली, गुळाचा चहा आला, आणि उरलेल्या अर्ध्या खंड्याला आम्ही आदरपूर्वक निरोप दिला. आप्पासाहेबांनी पत्रा पोत्यात घातला आणि गुरांची जखम शिवायच्या वाकड्या सुईने पोतं शिवून टाकलं. हसून हसून कुणाच्याच बरगड्या जाग्यावर नव्हत्या.

शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण. दारात चांदभाई उभा, कानामागे ब्रश, हातात रंगाची डबी.

"मास्तर, डोळा तुमी घातला का?"

"मी कशाला घालू? तुम्ही घातलात ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. पाच वर्षांत डोळ्याशिवाय एक चिमणी बाहेर गेली नव्हती, आणि गेला तो पुण्याला जाणारा रातवा. रीत एवढी अंगवळणी पडलेली की ती पाळली गेली असणार असं तिघांनीही धरून चाललं होतं.

मी अर्ध्या दाढीने टांग्यात उडी मारली. माळीवाड्यात कडब्याची गाडी आडवी आली आणि टांग्याचं घोडं तिथेच न्याहारीला थांबलं. आम्ही उतरून स्टेशनकडे पळत सुटलो. गाडी सुटता सुटता आप्पासाहेबांचं टक्कल खिडकीत दिसलं, आणि आम्ही त्या टकलाच्या रोखाने डब्यात शिरलो.

"डोळा," चांदभाई धापा टाकत म्हणाला.

आप्पासाहेबांनी पोतं पोटाशी धरलं. "शिवण उसवायला लागेल," ते म्हणाले, आणि दातांनी दोरा तोडायला लागले. कवळी हातात आली, मग चांदभाईने चाकू दिला.

पत्रा आमच्या गुडघ्यांवर ठेवला. गाडी इतकी हादरत होती की डोळा पुण्याऐवजी छतावर गेला असता. ठरलं की गाडी थांबली की घालायचा. डब्यातल्या माणसांना तमाशाच मिळाला. कुणी म्हणे नकाशा हाय, कुणी म्हणे जमिनीची मोजणी चाललीय. अकोळनेरला गाडी थांबली. चांदभाईने काळा रंग घेतला, श्वास रोखला, ब्रश टेकवणार तोच इंजिनाने हिसका दिला आणि हरभऱ्याएवढा काळाभोर टपोरा डोळा आप्पासाहेबांच्या नाकावर उमटला. सगळा डबा हसला. आप्पासाहेबांना कळेना का हसताहेत, म्हणून तेही हसले.

अकोळनेरलाच एक बाई चढली होती. पाटीत दोन कोंबड्या, डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण. बाजूच्या माणसाने तिला राहीबाई म्हणून हाक मारून जागा दिली. ती आधी माझ्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिली, मग आप्पासाहेबांच्या नाकाकडे, आणि शेवटी पत्र्याकडे.

"काय चाललंय वं?" तिने विचारलं.

"डोळा घालतोय, मावशी," चांदभाई म्हणाला.

"कुनाला? ह्या रातवीला?"

पुढे वाकून चांदभाई हळूच म्हणाला, "तुमाला दिसली?"

"न दिसाया काय झालं? बसली हाय की समूर. अंगाखाली अंडी हायेत तिच्या. दोन. अशी पसरून उगंच न्हाई बसत." तिने पाटीतल्या कोंबडीला दाबून बसवलं. "आमच्या विसापूरच्या रानात हायेत लई. खुरपाया जाताना पाय पडता पडता ऱ्हातो."

चांदभाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या वेळी ते हसण्याचं नव्हतं.

"तिला डोळा नाही अजून," आप्पासाहेब म्हणाले. "हरभऱ्याएवढा काळा घालायचा आहे."

"दिसाचा?" राहीबाई म्हणाली. "दुपारच्याला डोळं टक्क उघडून बसाया ती काय येडी हाय? डोळा चमकला तर घार उचलंल तिला. झाकून घेती. पार न्हाई झाकत, बारीक फट ठेवती. आपल्याला वाटतं निजली. ती त्या फटीतनं आपल्यालाच बघत असती."

"बाई, मी हातात घेऊन पाहिलाय," आप्पासाहेब म्हणाले.

"जिता व्हता का?"

आप्पासाहेबांनी नाक पुसलं. "नाही," ते म्हणाले.

"मंग," राहीबाई म्हणाली, आणि कोंबड्यांकडे वळली.

चांदभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, मी तेच पाह्यलं हुतं. मला डोळा दिसला न्हाई, कारन तिनं दाखवलाच न्हाई." त्याने जाड ब्रश कानामागे खोचला. नवरीच्या नावातली शेवटची वेलांटी काढायचा चार केसांचा ब्रश त्याच्या खिशात कायम असे, तो काढला. विसापूरला गाडी जरा जास्त थांबली. राहीबाई पाटी घेऊन उतरली. चांदभाईने एकच रेघ ओढली, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, किंचित तिरकी. राहीबाई खिडकीशी आली आणि तिने बाहेरूनच पत्र्याकडे पाहिलं.

"आता बगतीया," ती म्हणाली, आणि कोंबड्या सावरत निघून गेली.

जूनमध्ये पुण्याहून चित्र परत आलं. सोबत शिक्क्याचा छापील कागद, त्यावर चांदभाईचं नाव वळणदार अक्षरात, आणि एक पत्र. मी दुकानात मोठ्याने वाचलं. 'आपले चित्र अनवधानाने पशुपक्षी विभागात दाखल झाले होते. परीक्षकांनी ते निसर्गदृश्य विभागात हलवले असून, ओसाड जमिनीच्या यथातथ्य चित्रणाबद्दल उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र देण्यात येत आहे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पासाहेब तर तिथल्या तिथे पत्राला उत्तर लिहायला बसले. चांदभाई मात्र पेट्यांच्या मध्ये लोळून हसत होता. "अवो, रातवीला याच्याहून मोठं बक्षीस काय पायजे?" तो म्हणाला. "तीन परीक्षकांच्या नाकासमोर बसून ऱ्हायली, आन् एकाला दिसली न्हाई." मग एकाएकी उठून बसला. कागद हातात घेऊन शिक्क्यावर बोट फिरवलं. "मास्तर, ह्या कागदावर काय लिवलंय? ओसाड जमीन. पक्षी कुठं लिवलाय का?"

"नाही."

"मंग हे घरात जाऊ शकतं."

हा मनुष्य इतका सरळ की त्याला हे लबाडीचं वाटतही होतं आणि वाटतही नव्हतं. अम्माने पक्षी बघावा ही त्याची इच्छा होती. आता पक्षी घरात जाणार, पण अम्माला सांगायचं नाही. "निदान येता-जाता तिच्या नजरंखालून जाईल," तो म्हणाला. कागद वाचून दाखवला, शिक्का दाखवला. अम्माने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "पत्थर अच्छे हैं," ती म्हणाली, "लगा दे." आणि पाण्याच्या माठाच्या वर खिळा ठोकून पत्रा लागला. त्या संध्याकाळी चांदभाई मला हे सांगताना सारखा हसत होता आणि मधूनच गप्प होत होता. त्याला जे हवं होतं त्यातलं अर्धंच मिळालं होतं, हे त्यालाही कळत होतं.

ऑगस्टच्या अखेरीस ईद आली. आम्ही दोघे शीरखुर्म्याला गेलो. साखर रेशनची, पण अम्माने कुठून तरी जमवली होती. आम्ही बरोबर चित्राच्या खाली बसलो होतो आणि चांदभाईने आधीच बजावलं होतं की वर बघायचं नाही. न बघायचं ठरवलं की मान आपोआप वर जाते. आप्पासाहेब शीरखुर्म्याच्या वाटीत बघून खुसखुसत होते. मी विषय बदलावा म्हणून म्हणालो, "अम्मा, दगड फार सुरेख दिसतात हं भिंतीवर."

"व्हय," अम्मा म्हणाली. "पत्थर अच्छे हैं."

चांदभाईने माठातून पेला भरून तोंडाला लावला होता.

"लेकिन एक बात बता, चांद," अम्मा वाट्या गोळा करत म्हणाली. "रमजान के पहले से बैठी है बिचारी. इत्ते दिन हो गए, अंडे फूटते कैसे नई?"

चांदभाई गाल फुगवून, डोळे विस्फारून आईकडे बघत राहिला. शुक्रवारच्या बैठकीत बसायचा तसाच, पण या वेळी समोर परीक्षक कोण होतं ते मला दिसत होतं.

"मी काय आंधळी हाय?" अम्मा म्हणाली. "शेळ्यांच्या पायाखालून हाकलल्यात मी असल्या. पहल्याच दिवशी दिसली. डोळा झाकलाय, म्हून म्हनलं लाव. झाकलेल्या डोळ्याचा सवाल कोई नई पूछता. पर लई बरी काढलीस रे. अगदी तश्शी."

मग चांदभाईचं पाणी सुटलं. हसण्याचं की रडण्याचं, त्याचं त्यालाही कळलं नसेल. सगळं वर उडालं, पत्र्यावर, भिंतीवर, आप्पासाहेबांच्या टकलावर. तो तोंड पुसत उभा राहिला.

"बेवकूफ," अम्मा म्हणाली, आणि उठली. पत्र्यावरचा तेलरंग, त्याला पाण्याचं भय नव्हतं. तिने पदराने दगड पुसले, गवत पुसलं, पंख पुसले. त्या बारीक रेघेपाशी आल्यावर पदर जरा उचलला, आणि तेवढी जागा सोडून ती पुढे पुसत गेली.